उजव्या पायाचा बूट

आषाढ निम्मा सरला की बेळगावच्या बाजारात दुकानांच्या दारांवर गमबूट लटकायला लागतात. आता ते रंगीत असतात, पिवळे, गुलाबी, लहान मुलांसाठी बेडकाचे डोळे लावलेले. परवा छत्रीची काडी बसवून घ्यायला गेले होते, तर शेजारच्या दुकानात अशी एक जोडी टांगलेली दिसली. मला काही घ्यायचं नव्हतं. पण हात आपोआप बुटाच्या आत गेला, थेट टाचेपर्यंत, आणि बोटं आतल्या अस्तरावरून फिरायला लागली. दुकानातली मुलगी म्हणाली, "काकी, कुठली साइज पाहिजे?" मी हात बाहेर काढला. बोटांना नव्या रबराचा वास लागला होता. घरी येऊन हात धुतले तरी तो गेला नाही, आणि त्याच्या मागोमाग खानापूरचा एक जुना पावसाळा घरात येऊन बसला.

खानापूरला पाऊस येऊन जात नसे, तो मुक्कामाला येई. मीठ बरणीत पाझरायचं. आगपेटी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवावी लागे. कौलांवर शेवाळ, भिंतींवर ओल, आणि दोरीवरचे कपडे वाळायचे सोडून आंबायला लागायचे. समोरच्या खाचरांमध्ये नट्टीची, म्हणजे भातलावणीची, घाई असे. डोक्यावर पानांची इरली घेतलेल्या बायका वाकून भाताची रोपं लावत सरकायच्या, लांबून बघितलं तर कासवं चालल्यासारखं वाटायचं. पावसाच्या आवाजातच त्यांची गाणी मिसळून यायची, शब्द कळायचे नाहीत, नुसता सूर यायचा.

सत्तरचं दशक संपत आलेलं. आमचे हे तेव्हा खानापूरला लाइनमन होते. मी वडगावची, मागवाल्यांची मुलगी. माझे वडील, आप्पा, आयुष्यभर साड्या विणत आलेले. आधी हातमागावर, मग थोरल्या भावानं पॉवरलूम घातले तेव्हापासून त्यांच्यावर. वीज गेली की माग जागच्या जागी थांबायचे आणि आप्पा गल्लीत येऊन आभाळाकडं बघत वीजवाल्यांना शिव्या घालायचे. अशा माणसाला जावई मिळाला तो वीजखात्यातला. लग्नात पंगतीला बसल्यावर आप्पा यांना म्हणाले होते, "जावईबापू, पोरगी दिली, आता तेवढं करंट सोडा." सगळी पंगत हसली होती. हे मात्र लाजून खाली बघत बसले होते.

आम्हाला राहायला मिळालेल्या घराची एक भिंत मारुतीअण्णांच्या घराशी सामाईक होती, आणि पुढचा सोपा तर दोघांचा मिळून एकच. मारुतीअण्णा निपाणीकडचे, आडनाव कांबळे. त्यांची आई तंबाखूच्या वखारीत राबून राबून खोकल्यानं गेली होती. ते सेक्शनमधले सगळ्यात जुने लाइनमन. यांना खांबावर चढायला त्यांनीच शिकवलेलं. कमरेचा पट्टा कसा आवळायचा, तारेला हात लावायच्या आधी हाताची पालथी बाजू कशी जवळ न्यायची, सगळं. त्यांची बायको शेवंताक्का. संसार कसा करायचा ते मला माझ्या आईनं शिकवलं, पण लाइनमनच्या घरात कसं राहायचं ते शेवंताक्कांनी शिकवलं. आणि त्यातला पहिला धडा बुटांचा होता.

ते बूट काही पाय कोरडे ठेवायला नव्हते. काळे, जाड, गुडघ्यापर्यंत येणारे, आत कापडाचं अस्तर असलेले. ते घालून माणूस पाण्यात उभा राहिला तर करंट त्याच्यातून जमिनीत उतरू नये, एवढ्यासाठी ते केलेले. पण दिवसभर पाय त्यात शिजल्यासारखे व्हायचे. संध्याकाळी हे घरी येऊन बूट ओढून काढायचे तेव्हा आत घामाचं पाणी डुबडुबायचं, आणि पाय पांढरेफटक, सुरकुतलेले, पाण्यात राहिलेल्या कापडासारखे.

पहिल्याच आठवड्यात मी बूट वाळावेत म्हणून चुलीजवळ नेऊन ठेवले. शेवंताक्का धावत आल्या. "अगं सुमे, काय करूलालीस? जाळूलालीस व्हय?" त्यांनी बूट उचलून बाहेर सोप्यात नेले. मग त्यांनी मला एकेक गोष्ट दाखवली. जुन्या धोतराची लांबट पिशवी शिवायची, तिच्यात भाताचं कोरडं तूस भरायचं, आणि ती बुटात टाचेपर्यंत खुपसायची. रात्रभरात तूस सगळी ओल पिऊन घेतं. उन्हात ठेवायचं नाही, रबराला बारीक भेगा जातात. तेल लावायचं नाही, रॉकेलच्या फडक्यानं तर पुसायचंच नाही, रबर फुगून मऊ पडतं. वाळल्यावर आत-बाहेर शंखजिरं चोळायचं, म्हणजे रबर एकमेकाला चिकटत नाही. बूट दुमडून ठेवायचे नाहीत, उभे ठेवायचे. हे सगळं त्या अशा सांगायच्या, जसं कुणी तान्ह्याला न्हाऊ घालायचं सांगावं.

भोक पडलंय का ते बघायची रीत वेगळी होती. बुटात काठोकाठ पाणी भरायचं, बाहेरून कोरड्या कापडानं पुसायचं, आणि खुंटीला टांगायचं. थोड्या वेळानं रबरावरून हात फिरवायचा. कुठं ओल लागली तर तिथं भोक. आमच्या सोप्यात पावसाळाभर पाणी भरलेले चार बूट टांगलेले असायचे. येणारे-जाणारे बघून हसायचे. आम्ही दोघी हसत नव्हतो.

त्या वर्षी पाऊस नेहमीपेक्षा जोराचा होता. रोज कुठं ना कुठं झाड पडायचं, खांब कलायचा, तार तुटायची. जांबोटीच्या बाजूला रानातून लाइन गेलेली, तिथं हे आणि अण्णा रोज असायचे. असंच एकदा बांबूच्या तोडलेल्या खुंटावर पाय पडून यांचा डावा बूट फाटला. पाठोपाठ कुंपणाच्या काटेरी तारेत अडकून अण्णांचा उजवा गेला. साहेबांनी नवे बूट मागवले होते आणि ते निघालेही होते, पण रेल्वेनं येताना लोंढ्यालाच अडकून पडले. पुढं रुळांवर दरड आली होती. साहेब भले माणूस होते, रोज स्टेशनवर निरोप पाठवायचे. तिकडून उत्तर एकच यायचं, रूळ मोकळे झाले की पाठवतो.

तोवर ठिगळं लावण्याशिवाय मार्ग नव्हता. बसस्टँडजवळच्या सायकलवाल्याकडून मी सोल्युशनची ट्यूब आणि चाकाच्या जुन्या ट्यूबचे तुकडे आणले, आणि कसं करायचं ते त्याच्याकडं उभी राहून बघून आले. फाटलेल्या जागेभोवती पॉलिशपेपर घासून रबर खरबरीत करायचं. धूळ पुसायची. सोल्युशनचा पातळ हात द्यायचा आणि थांबायचं. हे थांबणंच अवघड. बोट लावलं तर चिकटायला नको, आणि पार वाळूनही जायला नको, त्या बरोबर वेळेला ठिगळ दाबायचं. माझ्या हाताला ते लगेच जमलं. लहानपणापासून तुटलेले धागे जोडत आलेली होते, घाई केली की गाठ सुटते हे ठाऊक होतं.

एका दुपारी मी सोप्यात यांचा फाटका बूट मांडीवर घेऊन बसले होते, आणि अचानक आप्पा आले. वडगावला वीज नव्हती, माग बंद, म्हणून लेकीला बघायला बसमध्ये बसून आलेले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. ते पायरीवरच थांबले आणि माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या घरात मी रेशमाच्या लडी मांडीवर घेऊन बसायची. आता मांडीवर चिखलाचा बूट. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हे मला हाताला धरून घरी नेतात.

"हे कुणी करायला लावलं तुला?" त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाय आप्पा. हे बूट नसले की ते तारेखाली मरतील."

आप्पांनी पिशवी खाली ठेवली, डोक्यावरचं पोतं झटकून दाराला लावलं, आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. "बघू तो दुसरा," म्हणाले.

एका रात्रीसाठी आलेले आप्पा आमच्याकडं राहिलेच. रोज सकाळी हे आणि अण्णा कामावर गेले की आप्पा सोप्यात ठाण मांडायचे. पहिले दोन दिवस ते आमच्या बाजूला बसत, शेवंताक्कांनी चहा आणला तर "आत्ताच झाला" म्हणत. वडगावच्या जुन्या माणसाला निपाणीच्या कांबळ्यांच्या घरचा चहा घेणं सोपं नव्हतं, आणि शेवंताक्कांना ते न सांगता कळत होतं. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या बुटाला ठिगळ लावताना आप्पांच्या हातातून सोल्युशनची ट्यूब निसटली, आणि शेवंताक्कांनी ती पावसात धावत जाऊन गटारीतून काढून आणली. ती पुसून त्यांनी आप्पांपुढं ठेवली, आणि शेजारी कपही ठेवला. आप्पांनी कप उचलला. चहा संपल्यावर म्हणाले, "आलं चांगलं पडलंय."

धड राहिलेले बूट तपासायचं काम आप्पांनी स्वतःकडं घेतलं. अण्णांचा डावा आणि यांचा उजवा. पाणी भरून टांगून झालं, बाहेरून ठणठणीत कोरडे. पण आप्पांचं समाधान नव्हतं. ते डोळे मिटून बुटात हात घालायचे आणि मागावरच्या ताण्यावरून बोटं फिरवावीत तशी फिरवायचे. एवढ्या उभ्या धाग्यांत एक तुटलेला असला तर तो त्यांच्या बोटाला आधी कळायचा, डोळ्याला नंतर. बऱ्याच वेळानं त्यांनी यांचा उजवा बूट खाली ठेवला. "ह्यो धड हाय. माझ्या बोटाला कुठंच लागंना." मग त्यांनी ठिगळ लावलेला बूट हातात घेतला, ठिगळावर अंगठा दाबला, आणि संध्याकाळी अण्णा आले तेव्हा त्यांना विचारलं, "मारुतीराव, ह्ये ठिगाळ पाणी थांबवंल. करंट थांबवंल काय?"

अण्णा ओल्या पट्ट्याचं बक्कल सोडवत होते. त्यांचे हात थांबले. "कुणास ठावं, मामा," ते म्हणाले.

त्या रात्री जेवणं झाल्यावर अण्णांनी ठरवलं. ठिगळाचे बूट तारेच्या कामाला वापरायचे नाहीत. अण्णांचा डावा, यांचा उजवा, दोन्ही मिळून एक जोडी. ज्याला धोक्याच्या जागी जायचंय त्यानं ती घालायची, दुसऱ्यानं ठिगळाचे घालून कोरड्यात उभं राहायचं. अण्णांचा पाय लहान, त्यामुळं यांच्या बुटात पुढं चिंधी कोंबावी लागायची. कामं रखडायला लागली. गिरणीवाला येऊन दारात ओरडून गेला, गावोगावची माणसं कंदील दाखवत यायची. साहेब सगळ्यांना एकच सांगायचे, "माझ्याकडं माणसं दोन आणि बूट एका माणसाचे. थोडं थांबा."

आणि मग तो दिवस आला. मी तिथं नव्हते. यांनी जसं सांगितलं तसं सांगते.

सकाळीच एका गावाहून सायकलवर माणूस आला. खाचरात तार पडलीय, चिखलणीचा रेडा जागेवर मेला, आणि बायका नट्टी लावायला पाण्यात उतरलेल्या आहेत. हे, अण्णा आणि एक हेल्पर जीपमधून गेले. ट्रान्सफॉर्मर ओढ्याच्या पलीकडं, आणि ओढ्यावरचा फरशीचा पूल पाण्याखाली. फ्यूज काढायला हेल्परला लांबच्या वाटेनं धाडलं. त्याला पोचायला वेळ लागणार होता.

खाचर लांबरुंद. तार एका कोपऱ्यात पाण्यात पडलेली, तिच्याजवळ रेडा. बायका जागच्या जागी खिळलेल्या. अण्णांनी बांधावरून ओरडून सांगितलं, "पाय उचलू नगासा! पायाला पाय लावून घसटत या! घाई नगं!" एकेक बाई तशी सरकत लांबच्या बांधावर पोचली. एक तेवढी राहिली. तरणी, नुकती लग्न होऊन आलेली. ती तारेच्या सगळ्यात जवळ होती आणि तिचे पाय थरथरत होते. तिला काही ऐकू येत नव्हतं. ती पडली असती तर तारेच्या बाजूलाच पडली असती.

हे म्हणाले, "अण्णा, बूट काढा. मी जातो. माझ्या पायाला बसतोय उजवा."

"जो घालून उभा हाय त्यो जातोय," अण्णा म्हणाले, आणि कोरडा बांबू घेऊन पाण्यात उतरले.

बांधावर उभं राहणं काय असतं ते हे मला नंतर कितीदा सांगायचे. खांबावर वादळात लोंबकळलोय, पण तसं वाटलं नाही, म्हणायचे. अण्णा थोडं गेले आणि एकदम थांबले. यांचा पाय आपोआप पुढं आला. अण्णांनी मागं वळून न बघता आवाज टाकला, "राम्या! पाण्यात पाय टाकलास तर बघ! शपथ हाय तुला!" मग ते पुन्हा सरकायला लागले, हळू, फार हळू. बांबूनं त्यांनी तार लांब रेटून धरली आणि त्या पोरीशी बोलायला लागले. काय बोलले ते बांधावर ऐकू आलं नाही. नंतर तिनंच सांगितलं, ते तिला माहेरचं गाव विचारत होते. गाव सांगता सांगता ती एक पाऊल सरकली, मग आईचं नाव सांगता सांगता दुसरं. ती बांधावर पोचली आणि तिथंच बसून हुंदके द्यायला लागली. अण्णा तार धरून तसेच उभे, पलीकडून हेल्परनं फ्यूज काढल्याची आरोळी येईपर्यंत.

घरी आले तेव्हा अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला होता. आप्पांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "म्हटलं व्हतं न्हवं, ह्यो धड हाय म्हणून?" आप्पा पुन्हापुन्हा म्हणत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अण्णा म्हणाले, "व्हय मामा. तुमी तपासल्याला व्हता."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अण्णा कुणाला न सांगता लोंढ्याला निघून गेले. जिथवर गाडी जात होती तिथवर गाडीनं, पुढं रुळांवरून चालत, दरडीवरून चढून. संध्याकाळी नव्या बुटांचं गाठोडं खांद्यावर घेऊनच परत आले. आम्हाला वाटलं, आदल्या दिवशी घाबरले असतील. घाबरायला काही कमी कारण नव्हतं.

आप्पा वडगावला परतले ते गोष्ट घेऊनच. मागाच्या खडखडाटात मोठ्यानं ओरडून सांगायचे, पाव्हण्यांना सांगायचे, माझ्या मुलांना मांडीवर घेऊन सांगायचे. वय झालं, नजर अधू झाली, तरी भाऊ प्रत्येक साडी घडी घालायच्या आधी त्यांच्यापुढं ठेवायचा. आप्पा डोळे मिटून पदरावरून बोटं फिरवायचे आणि मान डोलवायचे. "ह्या बोटांनी एक माणूस वाचवलाय," म्हणायचे. अण्णांची बदली झाली, आमचीही बेळगावला झाली, तरी दिवाळीत अण्णा आणि शेवंताक्का वडगावला येत. तेव्हा आप्पा अण्णांसमोरच ती गोष्ट पहिल्यापासून सांगत, आणि अण्णा पहिल्यांदा ऐकतोय असं ऐकत.

आप्पा गेले तेव्हा अण्णा रिटायर होऊन निपाणीला राहत होते. बातमी कळताच आले. घरातले माग बंद होते. वीज असताना ते बंद असलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. भेटायला आलेल्यांना थोरला भाऊ बुटाची गोष्ट सांगत होता, अगदी आप्पांच्या शब्दांत, आणि अण्णा मान हलवत होते.

माणसं पांगल्यावर कट्ट्यावर आम्ही तिघंच राहिलो. हे म्हणाले, "अण्णा, शेवटपर्यंत आप्पांच्या तोंडात तुमचंच नाव होतं."

अण्णांनी हातातला कप कट्ट्यावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "आता सांगाय हरकत न्हाई. त्यो बूट धड नव्हता रं."

यांनी कट्ट्यावरून सरकून त्यांच्याकडं तोंड केलं.

"पाण्यात उतरलो आन् थोडं गेलो, तर उजव्या पायाला झिणझिण्या. पयल्यांदा वाटलं, गारठ्यानं. मग कळलं. पुढं बेळगावला तपासणीला धाडला, तिथं बी तेच निघालं. सुईच्या टोकाएवढं भोक. पाण्याला घावलं न्हाई, हाताला घावलं न्हाई, करंटला घावलं."

यांनी विचारलं, "कळलं तर माघारी का फिरला न्हाई, अण्णा?"

"फिरलो असतो तर तू उतरला असतास," अण्णा म्हणाले. "त्याच बुटात."

गल्लीत कुणाचा तरी माग सुरू होता, त्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "आणि आप्पांना? इतकी वर्षं कधी सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं गं, सुमे?" ते म्हणाले. "म्हाताऱ्यानं परत कुठल्या कापडावर बोट ठेवलं नसतं."

हे उठले. मला वाटलं, डोळे पुसायला आत जातील. पण ते अण्णांसमोर खाली बसले, आणि त्यांच्या उजव्या पायावर दोन्ही हात ठेवून, मान खाली घालून तसेच बसून राहिले. गल्लीतली दोन माणसं जाता जाता थांबून बघायला लागली. यांनी हात काढले नाहीत. अण्णांनी यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि खांबावर पहिल्यांदा चढणाऱ्या पोराशी बोलत तसे बोलले.

"ऊठ रं राम्या. काय झालं न्हाई. ऊठ."